मैदानात हरवणारा बेस आणि स्वतःचा नाद

वडोदऱ्यातील मांजलपूर भागात राहणाऱ्या एका तरुण बेसवादकाचा प्रश्न असा आहे. त्याच्याकडे जॅझ पद्धतीचा, दोन पिकअपचा (तारेचे कंपन विजेत पकडणारे चुंबक म्हणजे पिकअप), चार तारांचा, पॅसिव्ह म्हणजे आत बॅटरीवरचे सर्किट नसलेला बेस गिटार आहे, चाळीस वॉटचा सरावाचा ॲम्प आहे आणि अनेक इफेक्ट एकत्र देणारा एक मल्टिइफेक्ट आहे. नवरात्रात तो एका गरबा वाद्यवृंदात वाजवतो आणि एरवी मित्रांच्या बँडमध्ये. घरच्या खोलीत त्याला आपला आवाज भरदार वाटतो, पण मैदानात तो ऐकूच येत नाही, आणि रेकॉर्डिंगमध्ये ऐकू आला तरी तो दुसऱ्या कोणाचाही असू शकेल असा वाटतो. साठ हजार रुपये साठले आहेत. त्यातून कोणता बेस, कोणता ॲम्प आणि कोणती पेडले घेतली म्हणजे स्वतःची ओळख सांगणारा टोन मिळेल, असे त्याने विचारले आहे.

उत्तर आधी देतो, कारणे मागाहून सांगतो. नवा बेस आत्ता घेऊ नका. हातात आहे त्याच बेसचा सेटअप, म्हणजे मान, तारा आणि पिकअप यांची जुळणी, चांगल्या कारागिराकडून करून घ्या, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या तारांचे संच आणा आणि एक चांगला प्रीॲम्प, म्हणजे ॲम्पच्या आधी आवाज घडवणारी पेटी, घ्या; तिला थेट मिक्सरला जोडता येणारा डीआय आउटपुट असावा. एवढ्याला तुमच्या साठ हजारांपैकी निम्मी रक्कमही बहुधा लागणार नाही. उरलेले पैसे एक वर्ष तसेच राहू द्या, कारण मैदानात हरवण्याचे आणि ओळख नसण्याचे, अशा तुमच्या दोन्ही तक्रारींचे मूळ वाद्याच्या किमतीत नाही. या शहरात तीस वर्षांहून अधिक काळ बेस वाजवल्यानंतर हे मी खात्रीने सांगतो आहे.

पहिली तक्रार आधी घेऊ. तुमची खोली बारा फूट बाय बारा फूट असेल असे धरून चालू. अशा खोलीत समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये साधारण ४७ हर्ट्झचा स्वर अडकून घुमू लागतो, कारण त्या स्वराच्या लहरीची अर्धी लांबी त्या बारा फुटांत नेमकी बसते. चार तारांच्या बेसची सुटी ई तार ४१.२ हर्ट्झची असते आणि तिच्या तिसऱ्या पडद्यावरचा जी ४९ हर्ट्झचा. म्हणजे ई तारेवरच्या दुसऱ्या-तिसऱ्या पडद्यावर खोली स्वतःच तुमच्याबरोबर वाजू लागते. आज घरी बसून सुट्या ई तारेपासून सुट्या ए तारेपर्यंत एकेक स्वर सारख्याच जोराने, सावकाश वाजवून पाहा. एक-दोन स्वर पलंगापर्यंत थरथर पोहोचवतील आणि त्यांच्या शेजारचा स्वर मलूल वाटेल. तुम्ही ज्याला भरदार म्हणता त्यातला मोठा हिस्सा हा भिंतींचा आहे. मैदानात भिंती नसतात.

दुसरे कारण कानाचे आहे. आवाज हळू असताना माणसाच्या कानाला खर्जाचे स्वर प्रमाणापेक्षा फारच कमी ऐकू येतात आणि आवाज वाढवत नेला की ते झपाट्याने वर येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवले होते. घरात शेजाऱ्यांचा विचार करून आपण हळू वाजवतो, म्हणून बेसचे बटण वाढवतो, झळाळी हवी म्हणून ट्रेबल वाढवतो, आणि मधला मिड मात्र कर्कश वाटतो म्हणून खाली आणतो. तीच मांडणी मैदानातल्या मोठ्या ध्वनिव्यवस्थेवर गेली की वाढवलेला खर्ज नुसता गडगडाट होतो, वाढवलेला ट्रेबल झांजेच्या आणि ऑक्टोपॅडच्या आवाजात विरून जातो, आणि ज्या मिडमुळे कानाला हा अमुक स्वर आहे असे कळले असते तो तर आपण घरीच कापून आलेलो असतो. त्यात तुमच्या बेसची दोन्ही पिकअप पूर्ण उघडी असणार, कारण बहुतेक सगळे तशीच ठेवतात. जॅझ पद्धतीच्या बेसमध्ये दोन्ही पिकअप सारखी उघडी असली की तारेवरच्या दोन जागांचे आवाज मिसळताना मधल्या पट्ट्यातील काही भाग एकमेकांना खाऊन टाकतो. म्हणजे तुमचा मिड एकदा वाद्यात कमी होतो आणि दुसऱ्यांदा ॲम्पवर.

खर्जाच्या स्वराची ओळख त्याच्या मूळ कंपनात कमी आणि त्याच्या वरच्या अंशस्वरांत, म्हणजे मूळ कंपनाच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींत, जास्त असते, हे बेसवादकाने एकदा नीट समजून घ्यावे असे मला मनापासून वाटते. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून ४१ हर्ट्झ बाहेर पडूच शकत नाही, तरीही त्यावर गाणे ऐकताना बेस कोणता स्वर वाजवतो आहे हे आपल्याला कळते, कारण ८२, १२३, १६४ असे वरचे अंशस्वर ऐकून मेंदू खालचा हरवलेला स्वर स्वतः भरून घेतो. हे अंशस्वर ज्या पट्ट्यात राहतात त्याची काळजी घेतली की बेस मैदानातही कळतो आणि मोबाइलवरही कळतो. माझ्या अनुभवात २०० ते २५० हर्ट्झच्या आसपास आवाज चिखलासारखा होतो, ७०० ते ९०० मध्ये स्वराला दाणा येतो, आणि २,००० च्या वर बोटांची आणि पडद्यांची खरखर राहते. गरब्यात मी २५० थोडा उतरवतो, ८०० थोडा चढवतो आणि ३५ हर्ट्झच्या खालचे सगळे हाय-पास फिल्टरने काढून टाकतो, कारण चार तारांच्या बेसला तिथे काही काम नसते आणि ॲम्पची ताकद मात्र तिथेच सर्वांत जास्त खर्च होते. हे आकडे माझ्या हाताचे आणि माझ्या वाद्याचे आहेत. तुम्ही तिथून सुरुवात करा आणि आपल्या कानाने इकडेतिकडे सरकवा.

मैदानातला तिसरा अडथळा यंत्रांचा नसून माणसांचा आहे. गरबा वाद्यवृंदातील कीबोर्डवादक सवयीने डाव्या हाताने खर्ज वाजवत असतो. त्यात त्याचा दोष नाही, कारण अनेक ठिकाणी बेसवादक नसतोच आणि त्याला दोघांचे काम करावे लागते. पण तुम्ही असताना त्याचा डावा हात तिथेच राहिला तर दोन खर्ज एकमेकांवर चढतात आणि दोन्ही गढूळ होतात. तालमीत त्यांच्याशी आदराने बोला आणि डावा हात एक सप्तक वर नेण्याची विनंती करा. माझ्या पाहण्यात निम्म्या बेसवादकांची टोनविषयीची तक्रार एवढ्या एका संभाषणाने मिटली आहे. ढोलाचे तसे नाही. त्याला बाजूला सरकायला सांगता येत नाही. मैदान त्याच्या थापेवर फिरते, त्यामुळे तिथे आपणच जागा शोधायची असते.

ती जागा मला कशी सापडली ते सांगतो, कारण तुमच्या दुसऱ्या तक्रारीचे उत्तर त्यातच आहे. नव्वदच्या दशकात मी उधारी करून एक ॲक्टिव्ह बेस घेतला होता. त्याच्या प्रीॲम्पची बटणे मी हौसेने फिरवली होती आणि नऊ रात्री त्या आवाजावर खूश होतो. दसऱ्यानंतर कोणीतरी मैदानातून टेप केलेली कॅसेट ऐकायला मिळाली, तेव्हा त्यात माझा बेस म्हणून काही नव्हतेच. ढोलाच्या प्रत्येक थापेला एक लांब, आकार नसलेली शेपटी चिकटली होती आणि ती शेपटी म्हणजे मी होतो. आमचे ढोलवादक वयाने मोठे होते. त्यांनी कॅसेट दोनदा ऐकली आणि मला विचारले की मी स्वर सुरू करतो तो कळतो, पण संपवतो कधी. त्या दिवसापर्यंत मी स्वर कधी संपवलाच नव्हता; पुढचा स्वर येईपर्यंत तो आपोआप वाजत राहायचा. पुढचे दोन महिने आम्ही दोघे त्यांच्या घराच्या ओसरीवर बसत असू. ते हींच हा गरब्याचा सहा मात्रांचा ताल सावकाश धरत, आणि मी एकाच स्वरावर फक्त तो सोडण्याचा सराव करीत असे. कधी त्यांची थाप पडण्याच्या किंचित आधी उजव्या हाताचे बोट तारेवर परत ठेवून, तर कधी डाव्या हाताचे बोट पडद्यावरून न उचलता नुसते सैल करून. थापेच्या आधी केसभर शांतता सोडली की थाप मोठी वाटे आणि तिच्यानंतर येणारा माझा स्वरही मोठा वाटे. पुढच्या नवरात्रात बेस तोच होता, ॲम्प तोच होता आणि बटणे मी सगळी मधोमध ठेवली होती. त्या वर्षी पहिल्यांदा गायकाने मागे वळून पाहिले.

म्हणून ओळखीच्या टोनची माझी व्याख्या अशी आहे: स्वराची सुरुवात कशी होते, तो किती लांब राहतो आणि कसा संपतो, या तीन गोष्टी वादकाच्या असतात, त्याचा रंग वाद्याचा, तारांचा आणि विजेचा असतो. रंग बाजारातून आणता येतो आणि म्हणूनच तो दुसऱ्यालाही आणता येतो.

सुरुवात बोटात असते आणि बोटाची जागा हा तिचा सर्वांत मोठा भाग आहे. ॲम्पवर काहीही न हलवता सुटी ए तार आधी मानेच्या टोकापाशी, मग दोन पिकअपच्या मध्ये, मग ब्रिजपासून, म्हणजे खालच्या टोकाला तारा जिथे टेकतात त्या घोडीपासून, चार बोटांवर अशी छेडून पाहा. पहिल्या जागी स्वर गोल आणि मऊ येतो, शेवटच्या जागी तो घट्ट, थोडा नाकातून आल्यासारखा आणि अंशस्वरांनी भरलेला असतो. तारेच्या मध्याजवळ छेडले की दुसरा, चौथा असे सम अंशस्वर दबतात आणि ब्रिजकडे सरकत गेले की ते परत येतात. आणखी एक गोष्ट फार थोडे जण लक्षात घेतात. सुट्या तारेची वाजणारी लांबी ३४ इंच असते, पण बाराव्या पडद्यावर दाबले की ती निम्मी होते. उजवा हात जागचा हलला नाही तरी आता तो तारेच्या मध्याच्या खूप जवळ आलेला असतो, म्हणून वरच्या पडद्यांवर आवाज अचानक पोकळ होतो. डावा हात वर चढू लागला की उजवा हात थोडा ब्रिजकडे सरकू द्या. याचा रोज दहा मिनिटे सराव करा. सुरसागरच्या काठावरील आपल्या संगीत महाविद्यालयाचे मूळ मौलाबक्षांनी १८८६ मध्ये सयाजीरावांच्या आश्रयाने सुरू केलेल्या गायनशाळेत आहे, आणि गायन शिकणाऱ्याला आजही एकाच षड्जावर खर्ज लावून बसवले जाते, ते आवाज कुठून उठतो आणि कुठे टेकतो हे त्याला कळावे म्हणून. बेसवादकाचा खर्जाचा रियाज याहून वेगळा नसावा.

आता सामग्री. जेम्स जेमर्सन आणि जॅको पास्टोरियस या दोन अमेरिकी बेसवादकांची वाद्ये शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. दोघांचीही प्रसिद्ध वाद्ये फेंडरची आणि दोन्ही १९६२ ची. जेमर्सन यांचा प्रिसिजन, म्हणजे लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये आणलेल्या आणि १९५७ मध्ये विभागलेले पिकअप मिळालेल्या बेसचे रूप. जॅको यांचा जॅझ, जो १९६० मध्ये बाजारात आला. जेमर्सन यांनी जाड फ्लॅटवाउंड तारा लावल्या, त्या तुटल्याशिवाय बदलल्या नाहीत, ब्रिजपाशी तारांना फोम टेकवला आणि उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीने वाजवले. डेट्रॉइटमध्ये मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत हा आवाज बहुतेक वेळा थेट मिक्सिंग कन्सोलमध्ये जात असे. जॅको यांच्या बेसला पडदे नव्हते, पाटीवर इपॉक्सीचा कडक थर होता, तारा राउंडवाउंड होत्या आणि हात ब्रिजकडच्या पिकअपवर असे. जेमर्सन यांचा स्वर ढोलकीच्या थापेसारखा पडतो आणि विरतो, जॅको यांचा स्वर गळ्यासारखा गातो. यात महागडे असे काय होते हे शोधायला गेलात तर हाती फारसे लागणार नाही. तारा, फोमचा तुकडा, बोटाची जागा आणि एका निर्णयावर वर्षानुवर्षे टिकून राहणे, एवढेच सापडते.

यावरून तारांकडे येतो, कारण सर्वांत कमी पैशांत सर्वांत मोठा बदल तारांनी होतो. राउंडवाउंड तारेवरचे वेटोळे गोल असते, त्यामुळे तिच्यात झळाळी, खरखर आणि लांब आस, म्हणजे छेडल्यावर टिकणारा नाद, असते. फ्लॅटवाउंडचे वेटोळे चपटे असते, तिचा आवाज गोल आणि आखूड असतो, आणि ती महिनोन्महिने जवळपास तशीच राहते. गरब्यासाठी मी गेली कित्येक वर्षे फ्लॅटवाउंडच वापरतो, कारण तिचा स्वर स्वतःहून लवकर बसतो आणि ढोलाला वाट देतो. शिवाय तीन-चार तास वाजवून घामेजलेली बोटे तिच्यावर सोलवटत नाहीत. तुमच्या बँडमध्ये गिटारचे डिस्टॉर्शन जास्त असेल तर मात्र राउंडवाउंड लागेल. म्हणून दोन्ही संच आणा आणि प्रत्येकावर किमान तीन महिने राहा. आठवड्याने मत बनवू नका, कारण राउंडवाउंडचा पहिला आठवडा फसवा असतो. ४५ ते १०५ (तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) हे नेहमीचे माप ठेवा. फ्लॅटवाउंडचा ताण बहुधा अधिक असतो, त्यामुळे तारा बदलल्यावर मान थोडी ओढली जाईल आणि सेटअप पुन्हा तपासावा लागेल. वाजवून झाल्यावर जुन्या सुती धोतराच्या कापडाने प्रत्येक तार वरून आणि खालून पुसा; खालची बाजू सगळे विसरतात आणि मळ तिथेच बसतो.

फोमचा प्रयोग तर आजच करता येईल. भांडी घासण्याचा नवा, कोरडा, मऊ स्पंज घ्या, बोटभर रुंदीची पट्टी कापा आणि ब्रिजच्या अगदी लगत तारांखाली सरकवा. पट्टी तारांना जेमतेम टेकली पाहिजे. घट्ट दाबली तर स्वर मरतो आणि ठक् एवढेच उरते. दोन-तीन वेळा कापून, पातळ करून पाहावे लागेल. जमली की स्वर आधी स्पष्ट येतो आणि मग सावकाश खाली बसतो. स्वर संपवण्याचा सराव करणाऱ्यासाठी हा स्पंज शिक्षकासारखा आहे. काही महिन्यांनी तो काढून टाका आणि तेच हाताने करून पाहा.

सेटअपविषयी बोलताना मला नेहमी तानपुरा आठवतो. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा असतो आणि तो केसभर पुढेमागे केला की जवारी, म्हणजे तारेची झणझणती गुंज, उघडते किंवा मिटते; त्याच लाकडाचा, त्याच तारांचा तानपुरा वेगळे बोलू लागतो. मिरजेचे कारागीर त्या केसभर अंतरासाठी आयुष्य घालवतात. बेसमध्ये तो दोरा म्हणजे पिकअपची उंची, तारांची उंची आणि मानेचा बाक. मानेला किंचित बाक हवा: पहिला आणि शेवटचा पडदा दाबून धरला असता सातव्या-आठव्या पडद्यापाशी तार आणि पडदा यांत सुमारे ०.३ मिलिमीटर अंतर असावे. बाराव्या पडद्यावर ई तारेखाली सुमारे अडीच मिलिमीटर ही सुरुवातीची उंची ठीक आहे. हलक्या हाताने वाजवणाऱ्याला ती कमी करता येते, पण जोरात छेडणाऱ्याने ती वाढवावी, नाहीतर प्रत्येक स्वराबरोबर पडद्यांचा खडखडाट रेकॉर्ड होतो. पिकअप तारेच्या फार जवळ आणले तर आवाज मोठा होतो, पण चुंबक तारेला ओढतो आणि आस तुटते; शेवटचा पडदा दाबून ई तारेखाली पावणेतीन आणि जी तारेखाली दोन मिलिमीटर ठेवा आणि पुढे एका वेळी स्क्रूचा अर्धा फेरा एवढेच हलवा. मानेतली ट्रस रॉड ही सळई, जिने बाक कमीजास्त होतो, फिरवायला मात्र पहिल्या वेळी कारागिरासमोर बसून शिका आणि स्वतः करू लागलात तरी एका दिवसात पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नका. आपल्याकडे पावसाळ्यात दमट हवेने आणि नंतर ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हाने लाकूड हलतेच, म्हणून श्रावणात बिनचूक असलेला बेस नवरात्रात खडखडू लागला तर घाबरण्याचे कारण नाही. उन्हाळ्यात बंद मोटारीत वाद्य ठेवणे मात्र कायमचे टाळा.

तुमच्या जॅझ पिकअपसाठी एक साधी सूचना आहे. मानेकडचे पिकअप पूर्ण उघडा आणि ब्रिजकडचे साठ-सत्तर टक्क्यांवर ठेवा. नाहीसा झालेला मिड लगेच परत येईल. याची किंमत अशी की दोन्ही सारखी उघडी असताना एकमेकांची गुणगुण खोडून काढणारी ही सिंगल कॉइल पिकअप आता थोडी गुणगुणू लागतील, आणि मैदानातल्या दिव्यांमुळे ती गुणगुण वाढेल. आपल्या विजेची वारंवारिता ५० हर्ट्झ आहे, म्हणजे ती गुणगुण ई तारेवरच्या जी या स्वराच्या अगदी शेजारी बसते आणि तिचे दुप्पट रूप सुट्या जी तारेच्या ९८ हर्ट्झला चिकटते. थोडी गुणगुण वाद्यवृंदात कळत नाही. जास्त असेल तर बेसच्या आतल्या पोकळीला तांब्याची पट्टी लावून घ्या. काम स्वस्त आहे. ती गुणगुण अर्थिंगच्या घोटाळ्याने येत असेल तर डीआयवरचे ग्राउंड लिफ्ट दाबा. प्लगची तिसरी पिन काढून टाकण्याचा जो उपाय मंडपांत सर्रास सुचवला जातो, तो कधीही, कोणत्याही घाईत करू नका. तुमची बोटे धातूच्या तारांवर असतात आणि गायकाच्या हातात धातूचा माइक असतो. त्या पिनवर जीव अवलंबून असतो.

डीआय प्रीॲम्पवर पैसे खर्च करायला मी का सांगतो हे आता कळेल. पॅसिव्ह पिकअपला पुढे साधारण दहा लाख ओहमचा इनपुट हवा असतो. मैदानात घाईगर्दीत साउंडवाले तुमची केबल सरळ मिक्सरच्या मोकळ्या चॅनलला लावतात आणि तिथला इनपुट काही हजार ओहमचाच असतो. पिकअपवर त्याचा भार पडतो, वरचे सगळे अंशस्वर गळून जातात आणि स्टेजवर कितीही सुंदर वाजत असले तरी लोकांपर्यंत घोंगडीखालून आल्यासारखा आवाज जातो. लांब केबलनेही थोडे असेच होते. डीआय तुमच्या पायाशी असला की हे दोन्ही प्रश्न सुटतात, बॅलन्स्ड लाइन, म्हणजे बाहेरची गुणगुण खोडून काढणारी केबल, पन्नास मीटर गेली तरी बिघडत नाही, आणि मुख्य म्हणजे साउंडवाले कोणीही असोत, त्यांच्या हाती जाणारा आवाज तुम्ही स्वतः ठरवलेला असतो. मिडचे बटण वेगळे असलेला प्रीॲम्प घ्या, आणि त्या मिडची वारंवारिता निवडता येत असेल तर फारच उत्तम. किंचित ड्राइव्हची, म्हणजे आवाजाला हलकी खरखर देण्याची, सोय असेल तर ती इतकीच वापरा की एकट्याने वाजवताना ती जाणवावी आणि सर्वांबरोबर वाजवताना फक्त स्वर पुढे आल्यासारखा वाटावा.

तुमच्या मल्टिइफेक्टमधला कॉम्प्रेसर, म्हणजे मोठा आवाज दाबून समतोल ठेवणारा इफेक्ट, तेवढा ठेवा: चारास एक हे प्रमाण, अटॅक, म्हणजे दाबायला सुरुवात होईपर्यंतचा वेळ, तीस ते चाळीस मिलिसेकंद, आणि किती दाबले हे दाखवणारी सुई चार-पाच डेसिबलच्या पलीकडे जाऊ नये. अटॅक फार जलद ठेवला तर बोटाची सुरुवातच चिरडली जाते आणि आपण ज्याच्यासाठी एवढे कष्ट घेतले तेच नाहीसे होते. कोरस, ऑक्टेव्ह आणि बाकीची पेडले एक वर्ष बंद ठेवा.

ॲम्पची घाई तर मुळीच नाही. मैदानात श्रोत्यांना तुमचा ॲम्प ऐकू जात नाही, तो फक्त तुमच्यासाठी असतो. वॉट दुप्पट केले तरी आवाज तीनच डेसिबल वाढतो, म्हणून तीनशेचे पाचशे करण्यात पैसा जातो आणि पाठ दुखते. पुढेमागे बारा इंची एक स्पीकर असलेले चांगले कॅबिनेट आणि हलका क्लास डी हेड, म्हणजे स्पीकरशिवायचा ॲम्प, घेतलात तर ते पुष्कळ वर्षे पुरेल.

वर्षभर एक नोंद मात्र ठेवा. दर रविवारी तालमीत मोबाइल खोलीच्या मध्यावर ठेवून एकच गाणे रेकॉर्ड करा, बेसच्या बटणांची स्थिती, तारांचा प्रकार आणि हाताची जागा वहीत लिहा, आणि ते रेकॉर्डिंग त्या दिवशी ऐकू नका. गुरुवारी ऐका. चार दिवसांनी बोटांची आठवण गेलेली असते आणि कान परक्यासारखा ऐकतो. ऐकताना तीनच प्रश्न विचारा: माझा स्वर सुरू झालेला कळला का, संपलेला कळला का, आणि तो नसता तर गायकाला काही कमी वाटले असते का. पाच-सहा महिन्यांत तुमच्या लक्षात येईल की काही खुणा प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये येतात, बटणे कशीही असली तरी येतात. कोणी स्वराला किंचित उशिरा हात घालतो, कोणी शेवट ओढतो, कोणाच्या मधल्या बोटाचा स्वर तर्जनीपेक्षा जड पडतो. त्यांतल्या काही चुका असतील, त्या काढा. उरलेल्या मात्र जपा आणि मग त्यांना उठाव देणारे वाद्य शोधायला दुकानात जा. राखून ठेवलेले पैसे तेव्हासाठी आहेत.

या वर्षीच्या नवरात्रापुरते सांगायचे तर तारांची तयारी आतापासून ठेवा. पितृपक्षात आपल्याकडे घरात नवी खरेदी टाळतात, म्हणून संच अनंत चतुर्दशीच्या आधीच आणून ठेवा आणि पितृपक्षाच्या पहिल्या आठवड्यात चढवा. मान नव्या ताणाला बसायला पाच-सहा दिवस घेते, त्यानंतर बाक आणि उंची पुन्हा मोजा. सर्वपित्री अमावास्येनंतर कशालाही हात लावू नका, फक्त वाजवा.